वाकणाऱ्याचा बाप

माझ्या मुलाचं करिअर मी एकदा तिखटमिठाच्या तीन पुऱ्या खाऊ घालता घालता जवळजवळ संपवलं होतं.

हे काही ठरवून केलं नव्हतं. ठरवून केलेल्या गोष्टी माझ्या हातून इतक्या सफाईने होत नाहीत.

आम्ही शुगर लँडचे, म्हणजे टेक्सासमधले. मी इंजिनियर. तेलाच्या पाइपलाइनला कुठे चीर गेलीय, कुठे गंज चढलाय, हे शोधणं हा माझा धंदा. तीस वर्षं मला दोष काढायचा पगार मिळतोय. (घरी मी तेच काम फुकट करतो, असं माझ्या बायकोचं, मेधाचं, म्हणणं.) आणि ईशान हा आमचा एकुलता एक मुलगा. टेनिस, बुद्धिबळ, तबला अशी सभ्य माणसांची सगळी दारं उघडी असताना या मुलाने शाळेत असल्यापासून अमेरिकन फुटबॉल धरला.

हा फुटबॉल ज्यांच्या नशिबी आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यातला चेंडू गोल नसतो. त्याला पाय क्वचितच लागतो. शंभर-सव्वाशे किलोची बावीस माणसं चार-पाच सेकंद एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि मग पुढचं अर्धं मिनिट उभं राहून, आपण असं का केलं, याचा विचार करतात. एका तासाचा खेळ साडेतीन तास चालतो. मधल्या वेळात ट्रकच्या आणि गुडघेदुखीच्या जाहिराती. आणि हे बघायला लोक चेहरे रंगवून येतात!

बरं, खेळायचंच होतं तर निदान पळणारा, उडी मारून चेंडू झेलणारा तरी व्हावं. आमच्या चिरंजीवांनी काम पत्करलं ते वाकायचं. चेंडू जमिनीवर ठेवलेला असतो. त्याच्यावर वाकायचं आणि तो आपल्याच दोन पायांमधून मागे, लांब उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फेकायचा. मग तिथे कुणीतरी तो लाथाडतो. झालं. सामन्यात आठ-दहा वेळा मैदानात जायचं, वाकायचं, फेकायचं, परत यायचं. याला 'लाँग स्नॅपर' असं भारदस्त नाव आहे. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "ईशान टीममध्ये नक्की काय करतो?" तर मी सांगायचो, "लॉजिस्टिक्स बघतो." (चेंडू इथून तिथे पोचवणे. मी खोटं बोलत नव्हतो.)

कॉलेजच्या चार वर्षांत मी त्याचा एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नाही. मेधा जायची. मी घरी टीव्हीवर बघायचो, म्हणजे मधून मधून चहा करायला उठताना बघायचो, आणि ती परत आली की माझं ठरलेलं वाक्य तिच्यावर टाकायचो. "साडेतीन तासांत त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. कॉमेंटेटरला माहीत तरी आहे का हा तिथे आहे म्हणून?"

मग शेवटचा सीझन संपला, आणि जानेवारीत ईशानचा फोन आला.

"बाबा, आय गॉट द इन्व्हाइट! ऑल-स्टार गेम!"

मी विचारलं, "कुणाबरोबर मॅच आहे?"

"तसं नसतं बाबा."

तसं नसतं ते कसं असतं, तर असं. देशभरातल्या कॉलेजांमधले शेवटच्या वर्षाचे निवडक खेळाडू एका गावात गोळा करायचे. सोमवारी त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची आणि शनिवारी दोन टीम करून त्यांना झुंजवायचं. जर्सी टीमची, हेल्मेट मात्र ज्याच्या त्याच्या कॉलेजचं. त्यामुळे मैदानावर कोण कुणाचा याचा पत्ता नाही. एकाच गणवेशात उभं राहून प्रत्येकाने आपापल्या घरची टोपी घातल्यासारखं दिसतं. कोण जिंकलं याच्याशी कुणालाच कर्तव्य नसतं. कारण खरा कार्यक्रम वेगळाच. प्रोफेशनल टीमचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, तिथे येऊन बसलेले असतात. ते मुलांची उंची मोजतात, वजन करतात, पळवून बघतात, हाताचा पंजासुद्धा मोजतात. थोडक्यात बैलबाजार. फक्त बैलांना मुलाखत द्यावी लागत नाही.

"तुम्ही या वेळी यायलाच पाहिजे," ईशान म्हणाला. "आणि बाबा, एकच. तिथे कोणाशी बोलू नका. प्लीज. डोंट टॉक टू एनीवन."

"मी काय लहान आहे?"

"बाबा."

"बरं."

सामना मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, आमच्यापासून आठ तासांच्या ड्राइव्हवर. आम्ही दोघंच निघणार होतो, पण बापटकाकांना बातमी लागली. बापटकाका म्हणजे आमच्या गल्लीतले शहात्तर वर्षांचे रिटायर्ड ऑर्थोपीडिक सर्जन. पन्नास वर्षांपूर्वी नागपूरहून आले आणि आल्या दिवसापासून फुटबॉलच्या नादी लागले. मी म्हटलं, "काका, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?"

"अरे श्रीकांत, लाँग स्नॅपर टीममध्ये एकच असतो! अख्ख्या देशातून दोन पोरं बोलावलीत, त्यातला एक आपला! तुला काही कल्पना आहे का?"

मला कल्पना नव्हती. पण आठ तास ते मागच्या सीटवरून ती देत राहिले.

गुरुवारी दुपारी आम्ही स्टेडियमवर पोचलो तेव्हा शेवटची मोठी प्रॅक्टिस चालू होती. लोकांना बघायला परवानगी होती. मेधा आणि काका कॉफी शोधायला गेले आणि मी पुऱ्यांचा डबा घेऊन एका बाकावर बसलो. शेजारी साठीचा एक टोपीवाला होता. मांडीवर वही, गळ्यात स्टॉपवॉच, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. मैदानाकडे तो अशा कंटाळलेल्या, तुच्छ नजरेने बघत होता की मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. हाही माझ्यासारखाच कुणाचा तरी वैतागलेला बाप, अशी मी खूणगाठ बांधली. (स्टॉपवॉच कशाला, हा प्रश्न मला पडला होता. मी त्याचं उत्तर, 'कधी एकदा संपतंय हे बघायला,' असं दिलं.)

मी त्याला पुरी देऊ केली. त्याने घेतली, चावली, आणि पुन्हा डब्याकडे बघितलं. मैत्री झाली.

"तुमचा कुठला?" त्याने विचारलं.

"तो. वाकलेला."

तो सरळ होऊन बसला. "लाँग स्नॅपर? अस्सं! कसा आहे मुलगा?"

आता इथे माझं संस्कारांनी वाटोळं केलं. आपल्याकडे परक्या माणसाने, "कसा आहे मुलगा?" असं विचारलं तर, "उत्तम आहे," असं कुणी सांगतं का? ते दिसायला बरं दिसत नाही. मुलगा बोर्डात पहिला आला तरी बाप म्हणतो, "हं, आहे आपला." मी त्या परंपरेला जागलो.

"कसला आहे!" मी म्हणालो. "आळशी आहे. सुट्टीत घरी आला की अकरापर्यंत उठत नाही."

"अकरापर्यंत?"

"कधी कधी साडेअकरा. खोली म्हणजे उकिरडा. सांगितलेलं ऐकेल तर शपथ!"

त्याने वही उघडली. पुरीची दुसरी खेप घेत मी रंगात आलो.

"आणि हे फुटबॉलबिटबॉल काही खरं नाही हो. वर्षभरात कंटाळेल, मग एमबीए करेल. शिवाय त्याची पाठ."

"पाठीचं काय?"

"लहानपणी सायकलवरून पडला होता. तेव्हापासून आई सारखी काळजी करते. त्यात धंदा हा असा वाकायचा! किती दिवस चालणार?"

तो भराभर लिहीत होता. मला वाटलं, पुरीची कृती लिहून घेतोय. म्हणून मी आपणहून सांगितलं, "ओवा विसरू नका." तोही त्याने लिहिला असावा. तिसरी पुरी संपवून त्याने माझा हात हातात घेतला, "फार उपयोग झाला," असं म्हणाला आणि खाली उतरून गेला.

मेधा आणि काका कॉफी घेऊन आले. काकांनी त्या पाठमोऱ्या टोपीकडे बघितलं आणि त्यांची कॉफी हिंदकळली.

"श्रीकांत! तो काय म्हणत होता तुला?"

"कोण तो? भला माणूस आहे. कुणाचा तरी बाप."

"अरे, बाप कसला! टोपीवरचं चिन्ह बघितलं नाहीस? स्काउट आहे तो! तू काय बोललास?"

मी सांगितलं. सांगताना वाक्यागणिक माझा आवाज लहान होत गेला. ओव्यापर्यंत पोचलो तेव्हा तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता. मेधाने डब्याचं झाकण लावलं. ते ज्या पद्धतीने लावलं, त्यावरून मला माझं भविष्य कळलं.

"उठ," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जाऊन दुरुस्त कर."

आम्ही तिघं धावलो. (मी आणि मेधा धावलो. काका जसे आले तसे आले.) स्टँडखालच्या बोळात, सोड्याच्या मशिनपाशी, तो सापडला.

"एक मिनिट!" मी धापा टाकत म्हणालो. "पाठीबद्दल माझा जरा गैरसमज झाला होता. पाठ एकदम ठणठणीत आहे. हे बघा, हे आमचे डॉक्टर बापट, ऑर्थोपीडिक सर्जन. विचारा त्यांना!"

तो काकांकडे बघत राहिला. "तुम्ही सर्जनला बरोबर घेऊन प्रवास करता?"

"नेहमी नाही," मी म्हणालो. "फक्त ईशानच्या मॅचला."

वही उघडली गेली.

मेधाने मला कोपराने बाजूला सारलं. "त्यांचं ऐकू नका. मी त्याची आई आहे. त्याच्या पाठीला मी लहानपणापासून स्वतः तेल लावत आलेय. या वेळीसुद्धा बाटली आणलीय."

"तेल? कसलं तेल? त्यात काय असतं?"

मेधाला नाव सांगता येत होतं, पण घटक सांगता येईनात. तिने आशेने काकांकडे बघितलं. आता चारचौघांत दोन शब्द बरे बोलायला काय जातं? पण पन्नास वर्षांची डॉक्टरकी आडवी आली.

"आयुर्वेदिक आहे," काका तुच्छतेने म्हणाले. "त्यात काय असतं ते देवालासुद्धा माहीत नाही!"

स्काउटने तेही लिहिलं आणि पान उलटलं. आता मात्र मला राहवेना. शब्दांनी जे होत नाही ते पुराव्याने करावं, ही माझी इंजिनियरची शिस्त.

"अहो, आमच्या घराण्यात पाठी मजबूतच असतात!" मी ओरडलो. "हे बघा! मी पंचावन्न वर्षांचा आहे, आणि..."

आणि मी वाकलो. दोन्ही पाय फाकवून, हात जमिनीला टेकवून, ईशान वाकतो तसा. कमरेत कट् असा आवाज झाला. काकांनी तो सोड्याच्या मशिनपलीकडून ऐकला, असं ते आजही सांगतात. खाली जाणं झालं होतं. वर येणं होईना.

"काय झालं?" मेधाने विचारलं.

"काही नाही," मी जमिनीला सांगितलं. "तुम्ही बोलत राहा."

नेमकी त्याच क्षणी प्रॅक्टिस संपली आणि बोळात बुटांचा खडखडाट झाला. माझं डोकं खाली असल्यामुळे मला माझ्याच दोन पायांमधून मागचं सगळं जग उलटं दिसत होतं. त्या उलट्या जगात वीस-पंचवीस राक्षस हेल्मेट हातात घेऊन उभे होते, आणि सगळ्यात पुढे माझा मुलगा.

"बाबा?"

"अरे ईशान," मी पायांमधून म्हणालो. "ये, ये."

वरून वहीत पेन चालल्याचा आवाज आला. घराण्याचा इतिहास लिहिला जात होता.

मला दोघा खेळाडूंनी उचलून, तसंच वाकलेलं, गाडीत ठेवलं. खुर्ची उचलतात तसं. काकांनी मोटेलमध्ये तपासलं आणि जमिनीवर आडवं केलं. ("मसल स्पॅझम. मूर्खपणाने होतो," हे त्यांचं निदान.) संध्याकाळी जेवणाच्या आधी ईशान आला. हातात टीमच्या बर्फाची पिशवी होती. ती माझ्या कमरेखाली सरकवून तो शेजारी कार्पेटवर बसला. मेधाने त्याला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही त्यांना सांगितलं मी लेझी आहे?"

"अरे, ते तसं नव्हे. आपल्यात परक्या माणसासमोर आपल्या मुलाचं कौतुक करत नाहीत. पद्धत असते ती."

त्याने बर्फाची पिशवी जरा सरळ केली. "ओके. पण घरी पण नाही केलं ना, बाबा."

(इथे कंसात घालायला मला काही सुचलेलं नाही.)

"चार वर्षं तुम्ही म्हणताय, टीव्हीवर माझं नाव घेत नाहीत," तो म्हणाला. "स्नॅपरचं नाव कधी घेतात, माहितेय? जेव्हा तो चुकतो. व्हेन ही मेसेस अप. तेव्हाच. माझं चार वर्षांत एकदाही घेतलं नाही. दॅट्स द होल पॉइंट."

तो गेला. मी छताकडे बघत पडून राहिलो. तीस वर्षं मी पाइपलाइनवर जातो. जी पाइपलाइन कधी फुटत नाही तिचं नाव पेपरात येत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज होती का?

शनिवारी काकांनी कमरेला पट्टा आवळून दिला. तरी मी पूर्ण सरळ झालोच नाही. साधारण घड्याळात दीड वाजतो तेवढा झुकलेला राहिलो. बसता येत नव्हतं, म्हणून सगळ्यात वरच्या रांगेत कठडा धरून उभा होतो. राष्ट्रगीताला हजारो माणसं ताठ आणि मी एकटा मान खाली घालून. शेजारच्या एका बाईंना मी फार देवभोळा वाटलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, "देव तुमचं भलं करो," असं म्हटलं. मी म्हटलं, "माझं राहू द्या. तो वाकणारा आहे ना, त्याचं करा."

आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलाचा सामना पाहिला. म्हणजे बाकीचे एकवीस जण काय करत होते ते मी पाहिलंच नाही. तो आला की मी श्वास धरायचो, गेला की सोडायचो. समुद्रावरून आडवातिडवा वारा सुटला होता. लाथाडलेले चेंडू भलतीकडे जात होते. पण ईशानच्या पायांमधून निघालेला चेंडू दर वेळी मागच्याच्या हातात असा जाऊन बसायचा, जशी किल्ली कुलपात. सहा वेळा. सात वेळा. मी नावाची भीती बाळगून कान देत होतो. लाउडस्पीकर सगळ्या जगाची नावं घेत होता, आमचं घेत नव्हता, आणि मला कधी नव्हे ते त्याचं फार बरं वाटत होतं.

शेवटचे वीस सेकंद. ईशानची टीम दोन गुणांनी मागे. आता लाथ मारून चेंडू दोन खांबांच्या मधून गेला तर जिंकले. ज्या सामन्यात कोण जिंकलं याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं, त्यात मी कठडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

"काका, चुकला तर?"

"तोंड बंद ठेव, श्रीकांत," काका म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज कापत होता.

तो वाकला. चेंडू निघाला. पोचला. लाथ बसली. गेला!

लाउडस्पीकरने लाथ मारणाऱ्याचं नाव घेतलं, चेंडू धरणाऱ्याचं घेतलं. संपलं. मी मात्र सुटलो! आवरताच येईना. "तो माझा मुलगा! तो, वाकणारा!" असं ओरडत मी समोर दिसेल त्या टोपीवाल्याला पकडायला लागलो. "पहाटे पाचला उठतो! खोली आरशासारखी! पाठ म्हणजे लोखंड!" एकाने तर मला शांतपणे सगळं बोलू दिलं. बाविसाव्या वर्षापर्यंतचं एकूण एक कौतुक त्याला ऐकवून मी विजयी मुद्रेने काकांकडे वळलो.

"अरे, तो मक्याच्या लाह्या विकतोय," काका म्हणाले. "एक पुडा घे निदान."

नंतर कळलं, की इतका आटापिटा करायची गरजच नव्हती. अशा मुलांचे एक्स-रे काढतात, रक्त तपासतात, कोचना फोन करून सगळी माहिती काढतात. बाप काय बरळतो याच्यावर प्रोफेशनल टीम चालत नाहीत. ईशानची पाठ निर्दोष निघाली. ते तेल निव्वळ तिळाचं निघालं. (यावर काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.) आणि वसंत ऋतूत एका प्रोफेशनल टीमने त्याला सरावाच्या कॅम्पला बोलावलं. टीम होती त्या टोपीवाल्याचीच.

पहिल्या आठवड्यातच ईशानचा व्हिडिओ कॉल आला. तो इतका हसत होता की बोलता येईना. तिथल्या कोचने त्याला त्याच्या नावाचा जानेवारीतला कागद दिला होता, तो त्याने कॅमेऱ्यासमोर धरला. अचूकता, उत्तम. वेग, उत्तम. स्वभाव, उत्तम. सगळ्यात खाली एक रकाना होता, 'चिंतेच्या बाबी'. त्यात एकच शब्द होता.

"वडील."

मेधाने चष्मा लावून, माझ्या खांद्यावरून वाकून, तो शब्द नीट वाचला.

"काय नेमका माणूस आहे!" ती म्हणाली. "आपलं लग्न ठरवायच्या आधी आमच्या बाबांनी तुला बघायला असा एखादा पाठवायला हवा होता."